किल्टच्या निऱ्या

“हा बाप्या हाय का बाई?”

अक्कानं फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग उलटा करून मागचा कोरा कागदही पाहून घेतला.

“बाप्या,” मी म्हणाले.

“मग परकर का घातलाय?”

“परकर नाही अक्का. किल्ट म्हणतात त्याला. तिकडं लंडनच्याही वरती बाप्ये घालतात. पँटीच्या जागी.”

“आणि पाय?”

“उघडेच.”

“आन् बायका त्यांच्या काय घालतात मग, धोतर?”

शेजारची रुक्साना पाणी भरायला आली होती, ती घागर खाली ठेवून हसायला लागली. अक्का मात्र हसली नाही. तिची नजर फोटोतल्या कापडावर खिळली होती. लाल-हिरव्या चौकडीचं कापड, आणि त्याला कमरेपासून गुडघ्यापर्यंत सुरीनं कापल्यासारख्या निऱ्या. फोटोत त्या माणसाचं डोकं नव्हतं आणि पावलंही नव्हती. जेवढं विकायचं होतं तेवढंच काढलेलं.

“चौकडी मोडलेली नाही बघ,” ती म्हणाली. “इतक्या निऱ्या घालून चौकडी मोडलेली नाही. करणाऱ्याला अक्कल हाय.”

मग तिनं बोटांनी हवेतच तीन-चार निऱ्या घालून पाहिल्या, नेसताना घालतात तशा, अंगठा आणि करंगळी ताणून.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुगलाबाई. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तो तिनं ओवायला शिकवला. आमच्या घरचे दोन पॉवरलूम तेव्हा चालू होते. पुढं ते बंद पडले, भंगारात गेले. भाऊजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, मागाच्या आवाजानं ऐकू येईनासं झालं होतं, ते घरी बसले. माझे यजमान टेम्पो चालवायला लागले. अक्का घरी परकर शिवायची, पायाच्या मशीनवर, सकाळी सात ते दिवेलागण. मी शिवणाचा सरकारी कोर्स केला आणि अक्कलकोट रोडच्या एका युनिटमध्ये चेकर म्हणून लागले. शाळेचे गणवेश शिवायचं युनिट. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पीस माझ्या टेबलावर यायचा. मी पास म्हटलं तर पास. चाळीस बायका मला मॅडम म्हणायच्या.

अक्काचे गुडघे त्या वर्षी गेले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पायाची मशीन बंद करा, नाहीतर दोन वर्षांत संडासला जायलाही धरायला माणूस लागेल. मोटर बसवावी तर आमच्या भागात तेव्हा दिवसाला आठ-आठ तास वीज नसायची. डॉक्टरचा कागद अक्कानं देवाच्या फोटोमागं खोचला आणि मशीन चालूच ठेवली.

म्हणून युनिटचे मालक शिवशरण आण्णा जेव्हा तो फोटो घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, असल्या प्लीटा घालणारं कोण आहे आपल्यात?”, तेव्हा मीच बोलून गेले, “आमच्या जाऊबाई.”

आमचा सॅम्पल टेलर महिन्यापूर्वी बंगळुरूला निघून गेला होता. सॅम्पल टेलर म्हणजे नवीन मालाचा पहिला नमुना शिवणारा माणूस. त्याला बघून बाकीचे शिवतात. त्याची मशीन जनरेटरवर, पंखा डोक्यावर, बसायला पाठीची खुर्ची. मुंबईच्या देढियाभाईंना परदेशातल्या एका दुकानासाठी स्वस्तातले किल्ट हवे होते, आणि आण्णा ती ऑर्डर सोडायला तयार नव्हते.

“त्यांना विचारा,” आण्णा म्हणाले. “नमुना पास झाला तर ती खुर्ची त्यांची. पगारी. पायाला त्रास नाही.”

मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा अक्का उठली, पदरानं मशीन पुसली आणि फोटो मागितला.

“एक सांग,” थोड्या वेळानं तिनं विचारलं. “निऱ्या पुढंच ना?”

“मग कुठं? निऱ्या पुढंच असतात की.”

हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. आण्णांनाही तसंच वाटत होतं, युनिटमधल्या चाळीसही बायकांना तसंच वाटलं असतं. आमच्याकडं सहा वार नेसा की नऊ वार, निऱ्या पोटावर खोचतात. फोटोत निऱ्या दिसत होत्या, म्हणजे ती पुढची बाजू. यात विचारायचं काय?

सोमवारी कापड आलं, शनिवारी नमुना द्यायचा होता. अक्कानं परकराचं काम त्या आठवड्यात घेतलंच नाही. ती साबणाच्या तुकड्यानं कापडावर खुणा करायची, निऱ्या घालायची, लांब जाऊन बघायची, पुन्हा मोडायची. चौकडीची लाल रेघ एका निरीतून दुसऱ्या निरीत अशी जायला हवी की बघणाऱ्याला मधे घडी आहे हे कळूच नये. बुधवारी संध्याकाळी ती रेघ जुळली. तिनं मला हाक मारून दाखवली. मी चेकर, चूक काढणं हाच माझा पगार. मला चूक सापडली नाही.

गुरुवारी दुपारी आण्णा बँकेत गेले होते आणि ऑफिसातला फोन वाजला. मी उचलला.

“देढिया बोलतोय. आण्णा नाहीत? बरं, बाई, लिहून घ्या. त्या किल्टचं काम सुरू आहे ना?”

“हो. होत आलाय.”

“एक गोष्ट. मागच्या वेळी एका पार्टीनं घोळ घातला, म्हणून सांगतो. प्लीट मागे. पुढचा भाग एकदम सपाट. आणि कमरेचे पट्टे उजव्या अंगाला बंद होतात, डाव्या नाही. डाव्या अंगाला झालं तर बायकांचा होतो. मी शनिवारी अकराला येतो. लुधियानाचा एक नमुना पण आणतो, दोन्ही समोरासमोर ठेवू. काय लिहिलंत, वाचून दाखवा.”

मी वाचून दाखवलं. निऱ्या मागे, पुढे सपाट, पट्टे उजवीकडे. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. आण्णा आले तेव्हा सांगितलं, “देढियाभाईंचा फोन होता. शनिवारी अकराला येतात.” बाकीचं घरी गेल्यावर अक्काला सांगायचंच होतं, आण्णांना कशाला? असंच मला तेव्हा वाटलं होतं. यात काही डाव नव्हता.

घराच्या वळणावर आले आणि हसणं ऐकू आलं. आमच्या दारात रुक्साना, तिची सासू आणि कोपऱ्यावरची चंद्रकला, अशा तिघी बसल्या होत्या. मधे अक्का, मांडीवर तो किल्ट. जवळपास पुरा झाला होता, पट्टे आणि लेबल तेवढं राहिलं होतं. अक्काचा चेहरा असा उजळलेला मी बऱ्याच दिवसांनी बघत होते, आणि ती गोष्ट सांगत होती. कुठली गोष्ट ते मला शब्द ऐकू यायच्या आधीच कळलं.

“... आन् मी म्हटलं, आगं नंदे, परकर तर झाक शिवलास, पण नाडी कुठनं घालू? हिनं नेफा चारी बाजूंनी बंद केलेला! भोकच नाही! दीड डझन परकर! वर मलाच म्हणती, अक्का, नाडी आधीच आत ठेवायची असती का?”

चंद्रकला डोळे पुसत होती. ही गोष्ट तिनं किमान दहा वेळा ऐकली असेल. बारशात, डोहाळजेवणात, पाणी भरताना. माझ्या माहेरी जाऊनसुद्धा अक्कानं ती सांगितली होती. माझ्या नवऱ्याला पाठ होती. गल्लीत मी अजून तीच होते, भोक न ठेवणारी नंदा, सुगलाबाईच्या हाताखालची.

“आता कशी चेकर झाली,” रुक्सानाची सासू म्हणाली.

“चेकर!” अक्कानं माझ्याकडं बघितलं, हसतच. “येऊ दे मला एकदा तिथं. तिच्या मॅडमपणाची सगळी शिलाईच उसवून दाखवते त्या चाळीस जणींना. पहिल्याच दिवशी सांगते ही गोष्ट.”

ती गंमत करत होती. ती माझी चेष्टा करायची ती जिवाभावानं करायची, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझं तोंड आंबट झालं. अख्ख्या सोलापुरात ती गोष्ट न पोचलेली एकच जागा होती, आणि तिथं अक्काला न्यायला मीच निघाले होते.

“आलीस व्हय? बस,” अक्का म्हणाली. “हे पट्टे तेवढे लावायचे राहिलेत. कुठल्या अंगाला बंद होतंय गं हे? मी उजवीकडं लावते, हाताला बरं पडतं. निऱ्या पुढं धरल्या की उजवीकडं.”

चिठ्ठी माझ्या काखेत होती, पर्समध्ये. मला फक्त म्हणायचं होतं, अक्का, थांब.

“तुझ्या हाताला जसं बरं पडेल तसं लाव,” मी म्हणाले आणि आत पाय धुवायला गेले.

मोरीत पाणी ओतताना मला मशीनचा आवाज ऐकू येत होता. राग म्हणावा तर तो राग नव्हता. मला एकदा, एकदाच, अक्का चुकलेली बघायची होती. कुणाच्या देखत नाही, घरातल्या घरात. उद्या सांगीन, मी ठरवलं. उद्या सांगितलं की ती कपाळावर हात मारेल, मी हसेन, आणि मग माझ्याकडंही सांगायला एक गोष्ट असेल.

शुक्रवारी जूनच्या गणवेशांची घाई होती. घरी आले तेव्हा किल्ट इस्त्री होऊन, दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून, देवाच्या कोनाड्याखाली ठेवलेला. अक्का गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. भाऊजी तिला मोठ्यानं विचारत होते, उद्या कुठलं लुगडं नेसणार? तिनं तेल पुसत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “खुर्ची फिरती हाय का गं तिथली? गोल?”

“फिरती आहे,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले. पट्टे उसवून दुसऱ्या अंगाला लावायला तासभर पुरला असता.

शनिवारी आम्ही दोघी बरोबर युनिटमध्ये गेलो. तिनं जांभळं इरकल नेसलं होतं आणि पायऱ्या चढताना माझा खांदा धरला होता. मशीनवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. “या आमच्या मॅडमच्या जाऊबाई,” कुणीतरी म्हणालं, आणि अक्कानं सगळ्यांना हात जोडले.

देढियाभाई अकराला आले. त्यांनी कटिंग टेबलावर दोन्ही किल्ट पसरले. बोलणं बाजूला, आधी हात. लुधियानाचा उचलून झटकला. निऱ्या फक्त इस्त्रीच्या होत्या, दोन झटक्यांत निम्म्या सुटल्या. पट्टा नखानं खरवडला, तर रेक्झिनचं साल निघालं. ओला रुमाल कापडावर घासला, रुमाल गुलाबी झाला.

“हे स्वस्त आहे,” ते म्हणाले. “पण हे घेणारा माणूस काही लग्नात घालत नाही. मॅचला घालतो, जत्रेत घालतो, बियर सांडतो. एकदा धुतलं की संपलं. मग तो दुकानदाराला शिव्या घालतो आणि दुकानदार मला.”

मग अक्काचा घेतला. झटकला. निऱ्या हलल्या नाहीत. वरच्या वीतभर अंतरात तिनं आतून प्रत्येक निरी टाचली होती. त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बोट कुठं अडखळलं नाही. आत उलटून दोरे पाहिले. वजन हातावर तोललं. मग भाव विचारला. आण्णांनी सांगितला. लुधियानापेक्षा थोडा जास्तच होता.

“थोडाच जास्त?” देढियाभाईंनी चष्मा काढला. “कापड यात सव्वापट आहे आण्णा. हे काम मला भारी किल्टमध्ये दिसत नाही. कुणी केलं?”

आण्णांनी अक्काकडं बोट दाखवलं. ती कापडाच्या गठ्ठ्याला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं बघून हसलेसुद्धा. आता सुटले, असं मला वाटलं. माल एवढा पसंत पडलाय, तर पट्टे इकडचे तिकडे, त्याला कोण विचारतंय?

“घालून बघू,” देढियाभाई म्हणाले.

आण्णांनी स्वतःच पँटीवरून तो गुंडाळला. त्यांचं पोट मोठं, निऱ्या पोटावरून अशा फाकल्या की चाळीसही मशीनी थांबल्या आणि बायका फिदीफिदी हसायला लागल्या. आण्णाही हसले. “लंडनचा पावणा!” कुणीतरी ओरडलं.

देढियाभाई हसत नव्हते.

“हे उलटं आहे,” ते म्हणाले. त्यांनी आण्णांना खांद्याला धरून उभं केलं आणि किल्ट त्यांच्या कमरेभोवती अर्धा फिरवला. निऱ्या मागं गेल्या, सपाट भाग पुढं आला, आणि पट्टे डाव्या अंगाला. “आणि आता हा बायकांचा झाला. लेबल पण पोटावर आलंय. आण्णा, हे मी फोनवर सांगितलं होतं. गुरुवारी. लिहून घ्यायला लावलं, वाचून पण घेतलं.”

“मला कुठं?” आण्णा म्हणाले.

“तुम्ही नव्हता. बाईंनी घेतला फोन.”

युनिटमध्ये ऑफिसचा फोन उचलणारी बाई एकच होती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस जणींनी बघितलं. अक्कानंही बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच नव्हतं, फक्त वाट बघणं. मी सांगेन काहीतरी, याची.

आण्णांनी वर्षापूर्वी एका मुलीला निरोप न दिल्याबद्दल जागच्या जागी घरी पाठवलं होतं. ते मला आठवलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्याही आधी माझ्या तोंडून निघून गेलं होतं.

“मी सांगितलं होतं अक्काला,” मी म्हणाले. “गुरुवारीच सांगितलं.”

जनरेटर तेवढा चालू होता. मला वाटतं अक्कानं दोन श्वास घेतले असतील. त्यात तिनं काय काय हिशेब केला असेल ते मी पुढं कितीदा मांडून बघितलं. घरात पगार एकच होता, माझा. टेम्पो महिन्यातले पंधरा दिवस उभा असायचा. माझी नोकरी गेली असती तर तिला खुर्ची मिळाली असती का? कदाचित मिळालीही असती. तिनं ते करून बघितलं नाही.

“हो,” अक्का म्हणाली. “सांगितलं होतं हिनं. माझ्याच डोक्यात राहिलं नाही.”

आण्णा सुस्कारा टाकून कमरेचा किल्ट सोडायला लागले. “बाई, हात सोन्याचा आहे तुमचा. खोटं नाही बोलत. पण सॅम्पलचं काम म्हणजे ऐकण्याचं काम. इथं सहाशे पीस उलटे शिवले गेले असते तर मला दुकान विकावं लागलं असतं. सांगितलेलं डोक्यात राहत नसेल तर मी कसं बसवू?”

“बरोबर हाय तुमचं,” अक्का म्हणाली.

“हे दुरुस्त होतं का?” देढियाभाईंनी विचारलं. “माझी गाडी चारला आहे.”

“मॅडम करतील,” आण्णा म्हणाले.

मी सॅम्पल टेलरच्या खुर्चीवर बसले. दुसरी मशीन रिकामी नव्हती. ब्लेडनं पट्टे उसवले, बकलं काढली, लेबल काढलं. अक्काला कुणीतरी स्टूल दिलं होतं, ती माझ्या शेजारी बसली. मला तिच्याकडं बघवेना. उसवताना माझ्या हातून एक निरी सुटली आणि लाल रेघ मोडली. मी ती जुळवायला बघत होते आणि ती जुळत नव्हती. तेव्हा अक्कानं हात पुढं केला, अंगठा ताणून ती निरी पकडली आणि रेघ होती तिथं आणून ठेवली.

“इथं दोन टाके जास्ती घाला,” ती म्हणाली.

घाला. मी ऐकलं, पण मला वाटलं, चार लोकांसमोर आहोत म्हणून म्हणाली असेल.

नमुना पास झाला. ते सहाशे पीस झाले, दिवाळीत आणखी तीनशे आले. पुढच्या वर्षी देढियाभाईंना कुठंतरी आणखी स्वस्त मिळाला आणि ते आले नाहीत. युनिटमधल्या बायका किल्टला शेवटपर्यंत बाप्यांचा परकर म्हणायच्या. सॅम्पल टेलरची खुर्ची आण्णांनी त्याच दुपारी मला दिली. ऐकलेलं लक्षात ठेवते म्हणून. मी तिच्यावर अकरा वर्षं बसले. अक्कानं परकर दीड वर्ष रेटले, मग एका सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. हे बाकीचं नंतरचं. मी सांगतेय ती त्याच शनिवारची संध्याकाळ आहे.

आम्ही रिक्षानं घरी आलो. रस्त्यात मी दोनदा “अक्का” म्हणाले आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्याला वळण सांगितलं. ती बाहेर बघत होती. गल्लीत शिरताना चंद्रकलेनं ओटीवरून विचारलं, “काय झालं गं?” अक्का म्हणाली, “पास झाला,” आणि आत गेली. लुगडं बदललं आणि चुलीपाशी बसली.

आण्णांनी पेढ्यांचा पुडा दिला होता. माझे यजमान जेवायला आले, त्यांनी पुडा बघितला आणि मला खुर्ची मिळाल्याचं माझ्या तोंडून कसंबसं काढून घेतलं. त्यांना खूप आनंद झाला. मग त्यांच्या लक्षात आलं.

“आन् वहिनी, तुमचं? खुर्ची तुमची होती ना?”

अक्का भाकरी थापत होती. भाऊजींना ऐकू येत नव्हतं, ते पेढा खात माझ्याकडं बघून हसत होते.

“माझं डोकं म्हातारं झालंय,” ती माझ्या यजमानांना म्हणाली. “सांगितलेलं राहत नाही.”

म्हणजे घरातही तेच. मला वाटलं होतं, घरी ती मला फाडून खाईल, चार शिव्या देईल, माझं माहेर काढेल. मग मी तिच्या पायाशी बसून रडेन आणि सोमवारी आण्णांना सगळं खरं सांगेन. मी त्याचीच वाट बघत होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ती मला तू म्हणत आली होती, नंदे म्हणत आली होती, कधी भवाने, कधी येडे. तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती काढून ताटात ठेवली, शेजारी चटणी वाढली आणि पाट पुढं सरकवला.

“उभ्या का?” ती म्हणाली. “या, बसा. गरम हाय तोवर खाऊन घ्या.”

मी मागं वळून बघितलं. मला खरंच वाटलं, माझ्या पाठीमागं कुणी पाहुणीबाई आली असेल.